आक्कांचा जाब गहाळ जाहला त्याची हकीकत

श्री. ज्याचे मस्तक बापाने उडविले, आणि हत्तीचे आणोन बसविले, तरी ज्याने कारभार एक घटका खोळंबू दिला नाही, त्या गजाननास दंडवत. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष वद्य षष्ठी, दोन प्रहर टळलियावर एका राज्यात जे वर्तमान घडले ते लिहिण्याची आज्ञा जाहली. आज्ञा करणारे पुसते जाहले की, मनुष्य बसल्या ठायी बसलेला असतो, डोळे उघडे असतात, हात चालत असतात, आणि मन भलतीकडेच उधळते, ते समयी मस्तकाचे आत काय घडते ते साद्यंत लिहून पाठवावे. ऐशियास लिहिले आहे. गोड लागणार नाही. कारले तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडू ते कडूच, म्हणोन तळण्याघोळण्याचे श्रम घेतले नाहीत.

राज्य म्हणावे तर एवढेसे. वजनास दीड शेर, सभोवार हाडाचा कोट, आणि कोटास मोजके दरवाजे: डोळ्यांचे, कानांचे, नाकाचा, आणि खाली जिभेचा. बाहेरचे लोक या अवघ्या राज्यास भालचंद्र म्हणत, आणि भालचंद्र म्हणजे नगरपालिकेच्या पाणीखात्यातला बावन्न वर्षांचा, चष्मेवाला, अबोल गृहस्थ, इतकेच जाणत. आत कोट्यवधी माणूस रात्रंदिवस राबते याची त्यांस गंधवार्ता नव्हती. कपाळामागे पुढली सदर होती. तेथे श्रीमंत गादीवर बसत, आणि दरवाजांवरून येई ते वर्तमान हाती घेत, आणि हुकूम सोडीत, आणि अवघे राज्य आपणच चालवितो ऐसे समजत. समजेनात का बापडे! कोटाच्या मधोमध कपाळापासून मागपर्यंत पसरलेला दुसरा एक वाडा होता, त्यास मागला महाल म्हणत. तेथे बाईसाहेब. बाईसाहेब श्रीमंतांच्या नात्याने कोण लागत ते कोणास ठाऊक नव्हते, परंतु श्रीमंतांचे दूधदात कोणत्या दिवशी पडले आणि शाळेत त्यांस कोण काय बोलले, हे सगळे बाईसाहेबांस ठाऊक होते. गेल्या दिवसांचे सोंग उभे करावे, आणि येणाऱ्या दिवसांचेही करावे, आणि दोहींतही श्रीमंतांस मध्यभागी उभे करावे, हा त्यांचा नित्याचा उद्योग. कारागीर तेच, लाकूडफाटा तोच. कालच्या सामानातून उद्याचा देखावा उभा करीत, आणि देखावा ऐसा हुबेहूब की श्रीमंतांस घाम फुटे.

रिवाज ऐसा होता की, सदरेवर निकडीचे काम असले म्हणजे मागल्या महालाचे दिवे मंद करावे, आणि सदरेवर काम हलके जाहले की महालाचे दिवे आपोआप उजळावे. लोक म्हणतात, रिकामा बसला, डोक्यास विसावा मिळाला. कसला विसावा आणि काय! अवघ्या देहाच्या रसदेचा पाचवा हिस्सा हे दीड शेराचे राज्य एकटे खाई, आणि रिकामपणी एक घास कमी खात नसे म्हटले तरी चालेल. श्रीमंतांस सदरेवरून महाली नेण्यास एक पालखी होती, आणि भोयांचा नाईक रुद्राप्पा म्हणोन होता. रुद्राप्पा इमानी, परंतु पाय इतके हलके की पालखी उचलली हे श्रीमंतांस कधी कळलेच नाही. पुन्हा सदरेवर टेकली म्हणजे कळे की आपण गेलो होतो. जागेपणीचा जवळजवळ निम्मा दिवस पालखी महाली असे. आणि तिकडे गेलेले श्रीमंत सुखी होवोन परतले ऐसेही क्वचित. बहुधा तोंड वाकडे करोनच उतरत.

आता ज्याची ही हकीकत, तो धारोजी. धारोजी जासूद उजव्या कानाच्या दरवाजावर चाकरीस. डोळ्यांच्या दरवाजांस कवाडे होती, ती रात्री लागत. कानास कवाड नाही, सबब धारोजीस बावन्न वर्षांत एक दिवस रजा नाही. बोललेला शब्द दरवाजात आला की त्याने तो दोन्ही हातांत झेलावा आणि सदरेकडे धाव घ्यावी. शब्द म्हणजे ओंजळीतले पाणी, दोनचार श्वास टिकते, मग गळून जाते. तेवढ्यात श्रीमंतांनी हातोहात घेतले तर मल्हारपंत दफ्तरदार लिहून ठेवीत, नाही तर गेले वाहून. धारोजी रागीट, तोंडाचा फटकळ, आणि चाकरीचा मोठा अभिमानी. म्हणे, "राजा नसला तरी राज्य चालतं, पण निरोप्या नसला तर राजाला आपण राजा आहोत हे तरी कोण सांगणार?" सदरेची गादी रिकामी पाहिली की त्याच्या तळपायाची आग मस्तकास जाई, पण जासुदास मत नसते, पाय असतात. हे तो जाणून होता.

आणि एक वाईट चाल या राज्यास लागलेली होती, ती येथे सांगितलीच पाहिजे, कारण पुढचा अनर्थ तिच्यापायी. श्रीमंत तिसरीत असता, वर्गात पालखी महाली गेली, आणि गुरुजींनी काही पुसले, आणि सदरेवर कोणी नाही, आणि जाब गेला नाही. मग गुरुजींनी कान ऐसा पिरगाळिला की धारोजीची चौकी तीन दिवस गरम होती. त्यावर मसलत होवोन जिभेच्या दरवाजावरचा हैबती हवालदार यास हुंकाराचे शिक्के कायमचे देवोन ठेविले. श्रीमंत असोत नसोत, बाहेरचा माणूस बोलता बोलता थांबला की हैबतीने शिक्का मारावा: "हं." कोणी लांबण लावली तर "हं हं." अगदीच खेद दाखवायचा तर "अरेरे." ऐसे तीन शिक्के घेवोन हैबतीने पाणीखात्याच्या साहेबास फसविले, बायकोस वीस वर्षे फसविले, टेलिफोनवर तर विचारूच नका. सगळे म्हणत, भालचंद्र ऐकून फार छान घेतो हो! हैबती ते ऐकून मिशीस पीळ देई, आणि धारोजी त्याच्याकडे पाहून थुंके.

ऐशियास, भालचंद्राची थोरली बहीण, त्यांस आक्का म्हणत. आईबाप एका वर्षात गेले, तेव्हां आक्का एकोणीस वर्षांच्या आणि भालचंद्र आठांचा. आक्का बालवाडीत मुलांस शिकवू लागल्या, आणि शिवणाचे यंत्र घेतले, आणि भावास वाढविले. पुढे एका कंपाउंडराचे स्थळ आले. माणूस भला, मागणी घालोन आलेला. परंतु भालचंद्र तेव्हां विषमज्वराने अंथरुणास खिळलेला, तो आक्कांचा पदर धरोन रडला की मला सोडून जाऊ नको. आक्कांनी तिसरे दिवशी नकार कळविला. मग पुन्हा स्थळ आले नाही, आणि कोणी आणिले नाही, आणि वर्षे गेली. भालचंद्राचे लग्न जाहले, बिऱ्हाड वेगळे जाहले, आणि आक्का दोन खोल्यांत एकट्या राहिल्या. "तुला माझा राग आला का?" हा एक प्रश्न श्रीमंतांच्या घशाशी चाळीस वर्षे अडकून होता. पुसायचा म्हटले की उत्तराचे भय, आणि न पुसावा तर मन खाई. त्या साली आक्कांस छातीचे दुखणे लागले, नाकाशी नळी आली, चार शब्द बोलावयाचे तर चार वेळा दम घ्यावा लागे. डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितले की आता आशा धरू नका. तेव्हां श्रीमंतांनी मनाचा हिय्या केला की, यंदा पुसायचेच.

षष्ठीचे दिवशी दोन प्रहरी भालचंद्र आक्कांच्या बिऱ्हाडी गेला. शेजारच्या सरूकाकूंनी मटारच्या शेंगांची पाटी समोर ठेविली आणि म्हणाल्या, "बसलाच आहात तर एवढे सोला, मी दळण घेऊन येते." मग भालचंद्र पलंगापाशी खुर्ची ओढून बसला, आणि शेंगा सोलू लागला, आणि खाली मान घालून बोलला, "आक्का, एक विचारू? माझ्यापायी तुझं लग्न राहिलं. तुला कधी माझा राग आला का गं?" धारोजी दरवाजात ओंजळ करोन उभा राहिला. श्रीमंत गादीच्या कडेवर आले. आक्कांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "सांगते. थांब जरा, दम घेऊ दे." आणि डोळे मिटून दम घेऊ लागल्या.

आता या दम घेण्यात घात जाहला. दीड मिनिट गेले असेल नसेल. सदरेवर वर्तमान येईना, हाती तेच ते काम, शेंग दाबली की फुटते, अंगठा फिरविला की दाणे वाटीत पडतात, त्यास श्रीमंतांची गरज ती काय? बोटे आपले आपण करीत होती. महालाचे दिवे उजळू लागले. रुद्राप्पाने पाहिले की सदर थंडावली, आणि रिवाजाप्रमाणे पालखी आणिली, आणि उचलली, आणि हलक्या पायांनी नेली. श्रीमंत मनात म्हणत होते की मी आक्काचे उत्तर ऐकावयास बसलो आहे, आणि तेच म्हणत म्हणत महालाच्या उंबऱ्याआत गेले. जाताना वाटेवरच्या मशाली विझत गेल्या, कारण महाली सोंग सुरू असता दरवाजांकडचा उजेड नको असतो.

महाली त्या दिवशी कोणते सोंग उभे होते म्हणाल, तर सहा दिवसांमागे एका साखरपुड्यात चुलतभाऊ दिगंबर चारचौघांत बोलिला होता, "भाल्याचं काय सांगता! बहिणीच्या जिवावर उभा राहिला, आणि बहिणीकडे फिरकायला सवड नाही." लोक हसले, आणि भालचंद्रही कसनुसा हसला, आणि घरी आला. तेव्हांपासून बाईसाहेबांनी तो साखरपुडा पन्नास वेळा मांडिला होता. दर खेपेस दिगंबर तेच बोले, आणि श्रीमंत नवे प्रत्युत्तर देत. आज तर कमाल जाहली. आज श्रीमंतांनी भर मांडवात उभे राहोन आक्कांचे ऐसे गुणगान केले, तिच्या त्यागाविषयी ऐसे बोलिले, की मांडवातल्या बाया पदराने डोळे टिपू लागल्या आणि दिगंबराची मान खाली गेली. "माझ्या आक्काचा शब्द माझ्यासाठी वेद आहे!" ऐसे श्रीमंत मांडवात गर्जले, आणि त्याच क्षणी बाहेर पलंगावर आक्कांनी डोळे उघडले आणि बोलू लागल्या.

पहिल्या श्वासाचे बोलणे धारोजीच्या ओंजळीत पडले. तो धावला. सदरेवर आला तो गादी रिकामी, लोड अजून कोमट. "खावंद!" म्हणोन ओरडला. कोणी नाही. महालाकडे धावला. आतून टाळ्यांचा आवाज येत होता. दारावर पहारेकरी म्हणाला, "आत सोंग चाललंय. बाहेरचं वर्तमान आत नेत नाहीत." धारोजी म्हणाला, "अरे मेल्या, ज्या आक्काच्या नावानं आत टाळ्या पिटताय, ती आक्का बाहेर बोलते आहे! चाळीस वर्षांचा जाब आहे हा!" पहारेकरी म्हणाला, "असेल. रिवाज नाही." आणि बोटांच्या फटींतून शब्द गळाले. तो परत दरवाजावर गेला. दुसऱ्या श्वासाचे बोलणे झेलले, धावला, गळाले. आक्का थांबल्या, भावाकडे पाहिले, आणि जिभेच्या दरवाजावरून हैबतीने शिक्का मारिला: "हं." आक्कांस वाटले, ऐकतो आहे. तिसऱ्या श्वासाचे बोलणे सर्वांत जड होते. धारोजीच्या खांद्यास कळ आली. काय होते ते त्यास वाचता येत नव्हते, जासूद निरक्षर, वजन तेवढे कळते. तेही सदरेवर सांडले. हैबतीने पुन्हा शिक्का मारिला: "हं हं." धारोजी जाता जाता त्याच्यावर ओरडला, "हैबत्या, हात कलम होवोत तुझे! थांबव ना त्यांना! म्हण की पुन्हा सांग!" हैबती म्हणाला, "माझ्याकडे तो शिक्का नाही." आणि खरेच नव्हता.

चौथा श्वास आक्कांनी फार कष्टाने घेतला, आणि त्याच्या शेवटास म्हणाल्या, "भाल्या, ऐकलंस ना?" आता या राज्यात एक गोष्ट होती, की कसलेही सोंग चालू असो, श्रीमंतांचे स्वतःचे नाव दरवाजात आले की रुद्राप्पा दचके. तो दचकला, आणि पालखी घेवोन पळत सुटला, आणि श्रीमंत सदरेवर दाणकन आदळले. धारोजी समोर धापा टाकीत उभा. ओंजळीत "ऐकलंस ना" एवढे दोन शब्द. श्रीमंतांनी ते घेतले, आणि मग त्याच्या ओल्या हातांकडे पाहिले, आणि पुसिले, "याच्या आधीचे?" धारोजीने मागल्या वाटेकडे बोट केले. वाटेवर सगळीकडे ओल होती. श्रीमंत हुकूम देतील तो हैबतीने तिसऱ्यांदा शिक्का मारून टाकिला: "हं."

मग डोळ्यांच्या दरवाजावरून वर्तमान आले की, आक्कांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या, मुद्रा मोकळी जाहली, आणि त्या उशीवर मान टाकून म्हणाल्या, "बरं झालं बाई. एकदा बोलायचं होतं, बोलले." हे शब्द धारोजीने धड पोचविले, आणि पोचविताना त्यास मेल्याहून मेल्यासारखे जाहले. लागलीच सदरेवर मसलत बसली. रुद्राप्पा म्हणाला, "खावंद, पालखी माझ्याकडून गेली, चूक पदरात घेतो. आत्ताच्या आत्ता पुसावे: आक्का, मी ऐकले नाही, पुन्हा सांग." हैबती म्हणाला, "वा! तीनदा हुंकार दिला, आता कोणत्या तोंडाने नाही म्हणावे? ती म्हणेल, मी जीव काढून बोलत होते तेव्हां तू कुठे होतास? काय सांगाल, शेंगांत होतो म्हणून?" मल्हारपंत दफ्तरदार म्हणाले, "पान कोरे ठेवतो. जाब मिळाला की भरू." आणि श्रीमंत, ज्यांनी घटकेमागे मांडवात गर्जना केली होती, ते खाली पाहत म्हणाले, "आज तिला दम लागला आहे. त्रास नको. उद्या पुसू." धारोजीने मनात शिवी हासडली. त्रास म्हणे! लाज वाटत होती असे म्हणा की सरळ. तिची दया आली म्हणोन नव्हे, आपली अब्रू जाते म्हणोन गप्प बसले, आणि वर त्यास मायेचे नाव दिले. सरूकाकू दळण घेवोन आल्या, मटार छान सोलले म्हणाल्या, आणि भालचंद्र चहा पिऊन घरी गेला.

सप्तमीस सकाळी आठ वाजता टेलिफोन आला. सरूकाकू बोलत होत्या. चहाचा कप हाती घेतला होता हो, आणि मान टाकली. ते वर्तमान मात्र धारोजीच्या ओंजळीतून एक थेंब न सांडता सदरेवर पोचले, कारण ते दिवशी श्रीमंत गादीवर होते.

मग बारा दिवस श्रीमंत सदरेवर दिसले नाहीत म्हटले तरी चालेल. लोक येत, भेटत, बोलत, हैबती "हं हं, अरेरे" करी, पालखी महाली. आणि बाईसाहेबांनी साखरपुड्याचे सोंग मोडून टाकिले, आणि त्या जागी पलंग मांडिला, नाकाची नळी मांडिली, शेंगांची पाटी मांडिली, आणि आक्कांस बसविले, आणि त्यांच्या तोंडी जाब घातला. पहिले तीन दिवस आक्का तेथे म्हणत, "राग आला रे, जन्मभर आला. तुझं तोंड बघितलं की येई." श्रीमंत आत ओरडून रडत, आणि पुन्हा तेच मांडा म्हणत. मग आक्का म्हणू लागल्या, "राग नाही, पण वाईट वाटायचं." मग कधी कंपाउंडराचे नाव घेत, कधी नुसत्या रडत. बाईसाहेबांच्या मनात कपट नव्हते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. त्यांस भोक दिसले की बुजवावेसे वाटे, इतकेच. नवव्या दिवशी बुजविता बुजविता सुबक साधले. आक्का हसल्या, आणि भावाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "वेड्या, राग कसला? तू होतास म्हणून तर मी जगले." त्या दिवशी श्रीमंतांस पहिल्याने भूक लागली. मग ते दुसरे सोंग मागेनातच.

आणि मल्हारपंतांच्या दफ्तराची एक रीत होती, जी जगात दुसऱ्या कोणत्या दफ्तरात नसेल. रुमालात बांधलेल्या कागदांतून एखादे पान वाचावयास काढिले की ते तसेच परत ठेवीत नसत. वाचून झाले की नव्याने नक्कल करीत, आणि नक्कल बांधून ठेवीत, आणि जुने फाडीत. वाचताना जे काही वर सांडले असेल, अश्रू, थुंकी, कोणाचे बोलणे, तेही नकलेत उतरे. षष्ठीचे पान श्रीमंतांनी दिवसातून वीस वेळा काढविले. वीस वेळा नक्कल जाहली. मूळ पान मधोमध कोरे होते. दहाव्या दिवशी कोऱ्या जागी फिकट अक्षर आले, अकराव्यास ठळक जाहले, बाराव्यास तर आक्कांच्या हाताची ऊब डोक्यावर लागली हेही लिहिलेले निघाले. मल्हारपंत म्हातारे, सज्जन, डोळ्यांस झापड. त्यांनी ओळीखाली एवढेच पाहिले की वर्तमान महालातून आले की दरवाजावरून, ते लिहावयाचे राहून गेले आहे. म्हणाले, "दरवाजाची खूण मिळाली की लावू."

तेराव्या दिवशी गोडाचे जेवण जाहले. सोयरेधायरे सतरंजीवर बसले होते. दिगंबर आला होता, आणि सुपारी कातरता कातरता, कुचकेपणाने म्हणा की भाबडेपणाने म्हणा, बोलिला, "आक्काच्या मनात काय होतं ते आक्कालाच ठाऊक. कोणाला कधी बोलली नाही बिचारी." श्रीमंत त्या वेळी सदरेवर होते. त्यांनी हैबतीचा शिक्का बाजूस सारिला आणि स्वतः जिभेच्या दरवाजावर हुकूम पाठविला, आणि भालचंद्र बोलू लागला. "मला बोलली होती. आदल्याच दिवशी. मी विचारलं तिला, आक्का, तुला माझा राग आला का गं? तर डोक्यावर हात ठेवला माझ्या, आणि म्हणाली, वेड्या, राग कसला? तू होतास म्हणून तर मी जगले." बोलताना यात एक शब्द खोटा आहे असे त्याचे त्यासही वाटले नाही. सरूकाकूंनी पदर तोंडाशी नेला. दिगंबराच्या डोळ्यांस पाणी आले, त्याने उठून भालचंद्राचा हात धरिला आणि म्हणाला, "चुकलो रे मी. भाग्यवान आहेस."

आता पाहा, माणूस बोलतो तेव्हां त्याचा शब्द जिभेच्या दरवाजाने बाहेर जातो खरा, पण आपल्याच कानाच्या दरवाजाने पुन्हा आतही येतो. तो आला. धारोजी चौकीत उभा होता, त्याच्या ओंजळीत पडला. त्याने वजन पाहिले. हलके. एका श्वासाचे बोलणे. आक्का चार श्वास बोलल्या होत्या. तिसऱ्याची कळ त्याच्या खांद्यात अजून होती. तो समजला. हा तो जाब नव्हे. याची एक कडही त्या जाबाची नव्हे. कोण जाणे त्या बाईने काय सांगितले होते, शिवी दिली होती की आशीर्वाद, की कंपाउंडराचा पत्ता सांगितला होता. जे होते ते तिने छाती फोडून सांगितले होते आणि ते याच वाटेवर सांडून सुकले होते. धारोजीस रडू आले. बावन्न वर्षांत पहिल्याने त्यास वाटले की ओंजळ उघडावी. एवढे एक सांडावे. नाही तरी इतके सांडले, त्यात हे एक. कोरे पान कोरे राहील, आणि श्रीमंत जन्मभर तळमळतील, पण निदान आपल्याला ठाऊक नाही एवढे तरी त्यांस ठाऊक राहील. आक्कांचे म्हणोन या राज्यात तेवढेच उरले होते, ते एक भोक.

तो सदरेवर आला. आणि पाहतो तो श्रीमंत गादीवरून उतरोन, दोन्ही हात पुढे करोन, वाटेकडे डोळे लावून उभे. महाली नाही, सदरेवर. जागे. षष्ठीस धारोजी तीन वेळा धावला तेव्हां जे तेथे नव्हते, ते आज एका शब्दासाठी तिष्ठत होते. "आण," म्हणाले, "लवकर आण, सांडू नको." धारोजीने त्यांच्या तोंडाकडे पाहिले. "खावंद," एवढे म्हणाला, आणि पुढले बोलणे त्यास येईना, कारण जासुदाने आणिले ते द्यावे, त्याविषयी बोलू नये, हा कोट बांधला तेव्हांपासूनचा कायदा. त्याने दिले. श्रीमंतांनी ते डोळ्यांस लाविले. आणि मल्हारपंतांनी पान पुढे ओढून ओळीखाली खूण केली, दरवाजावरून आले, कानाने ऐकले, जासूद धारोजी. आणि जुने पान फाडून टाकिले.

येणेप्रमाणे आक्कांच्या जाबाचे वर्तमान. त्यानंतर राज्यात स्वस्थता नांदते. श्रीमंतांस झोप लागते, दिगंबराशी सलोखा जाहला, आणि दर सणास आक्कांची ती गोष्ट सांगतात, आणि ऐकणारे रडतात. खरा जाब काय होता ते कोणास ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही हेही एका जासुदावाचून आता कोणास ठाऊक नाही, आणि त्यास कोणी पुसत नाही. लिहिणाराने पाहिले तैसे लिहिले. वाचणाराची पालखी हे वाचता कितीदा उचलली गेली, ते त्याचे त्यास कळावयाचे नाही. लेखनसीमा.